नाक मुरडत सुरू केलेले आणि पहाटेपर्यंत न सुटलेले गेम

लोडशेडिंग (धागाकर्ता)

मंडळी, परवा जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो होतो. टायटनफॉल २ हा गोळीबाराचा गेम उडवायचा होता. म्हटलं जाताजाता एकदा बघू. बायको जेवायला हाक मारून मारून थकली, शेवटी आमटी झाकून ठेवून झोपायला गेली. साफसफाई तशीच राहिली आहे.

हा गेम मी मुळात घेणारच नव्हतो. पहिल्या टायटनफॉलला एकट्यानं खेळायची कथा नव्हतीच, सगळी ऑनलाइन हाणामारी. माझं तेव्हाचं नेट असं, की मी झाडलेली गोळी समोरच्याला लागेपर्यंत तो चहा पिऊन यायचा. त्यात दुसरा भाग कधी आला बघा. २१ ऑक्टोबर २०१६ ला बॅटलफील्ड १, ४ नोव्हेंबरला कॉल ऑफ ड्यूटी, आणि दोघांच्या मधे २८ ला हा बिचारा. बॅटलफील्डही त्याच ईए कंपनीचा! थोरल्याच्या लग्नाच्या आठवड्यातच धाकट्याची मुंज उरकावी, तसला प्रकार. पाहुणे सगळे लग्नाला गेले. मीही सेल लागल्यावर, स्वस्त आहे म्हणून घेतला.

आणि मग ‘इफेक्ट अँड कॉज’ हे मिशन आलं. मनगटावर एक यंत्र मिळतं. बटण दाबलं की तुम्ही त्याच प्रयोगशाळेत, पण काही वर्षं मागे. आत्ता जिथे छत कोसळलंय, आग लागलीय, जनावरं फिरताहेत, तिथे तेव्हा दिवे लखलखत असतात आणि पहारेकरी बंदुका रोखून उभे असतात. ते गोळ्या झाडायला लागले की बटण दाबून वर्तमानात यायचं, चार पावलं चालून त्यांच्या पाठीमागे जायचं, पुन्हा बटण. खरी मजा भिंतीवरून धावताना. उडी मारलीत, समोर भिंतच नाही, खाली खोल खड्डा. हवेत असतानाच बटण दाबायचं, भिंत उगवते, तिच्यावर दोन पावलं, पुन्हा उडी, पुन्हा बटण. पहिले दहा वेळा पडलो. अकराव्यांदा बोटांना कळलं, आणि मग मी नुसता बघत राहिलो, बोटंच खेळत होती.

एवढी भारी कल्पना, आणि एका मिशनपुरती वापरून सोडून दिली! दुसऱ्या कुणी तिच्यावर अख्खा गेम काढला असता, वर दुसरा भागही.

तर असे गेम लिहा. अट एकच. गेम पहिल्या दिवसापासून चांगला हवा आणि चूक आपल्या अंदाजाची हवी. अर्धाकच्चा आणून मग दोनतीन वर्षं पॅच मारत सुधारला, ते इथे नको. सायबरपंक गेमवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

---

पोटमाळा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

---

पिठलंभात

स्लीपिंग डॉग्ज. दुसरं नाव सुचतच नाही.

याचं रडगाणं आधीच सुरू झालं होतं. मुळात तो ‘ट्रू क्राइम: हाँगकाँग’ म्हणून बनत होता. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीनं प्रकल्पच बंद केला. त्याच वर्षी स्क्वेअर एनिक्सनं तो उचलला, पण ट्रू क्राइम हे नाव काही त्यांच्याकडे आलं नाही. म्हणून नवं बारसं, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये बाजारात. एकानं टाकलेला, दुसऱ्यानं उचललेला, नाव बदललेला. अशा गेमकडून कोण काय अपेक्षा ठेवणार? मला वाटलं जीटीए या गुंडगिरीच्या गेमची चायनीज कॉपी.

पहिल्या अर्ध्या तासातच कान धरले. बंदूक जवळजवळ मिळतच नाही. सगळं हातापायांवर. समोरच्याला धरून एसीच्या पंख्यात घाला, टेलिफोन बूथवर आपटा, माशांच्या टाकीत बुडवा. आणि रात्रीचा बाजार! पावसानं ओला रस्ता, त्यात निऑनचे दिवे सांडलेले, आणि ‘पोर्क बन घ्या’ म्हणून ओरडणारा तो विक्रेता. त्याचं ओरडणं अजून कानात आहे.

अजून एक, हे फक्त आपल्यासारख्यांनाच कळेल. हाँगकाँगमध्ये गाड्या डाव्या बाजूनं चालतात. इतकी वर्षं अमेरिकेतल्या रस्त्यांवर उलट्या बाजूनं गाडी हाणून झाल्यावर इथे पहिल्यांदा स्वतःच्या गावात आल्यासारखं वाटलं. अमेरिकन पोरं तक्रार करत होती की समोरून गाड्या येऊन धडकतात. म्हटलं, बाबांनो, आता तुमची पाळी.

स्क्वेअर एनिक्सनं नंतर विक्री अपेक्षेएवढी झाली नाही म्हणून सांगितलं, आणि बनवणारा युनायटेड फ्रंट गेम्स हा स्टुडिओ २०१६ मध्ये बंदच झाला. दुसरा भाग नाही तो नाहीच.

---

खोबरेल

पिठलंभात, +१. फक्त शेवटी शेवटी बंदुका आल्यावर गेम थोडा नेहमीसारखा होतो. पण कराओके बार माफ करून टाकायला लावतो.

---

कर्जत लोकल

लोडशेडिंग साहेब, तुमचं नाव वाचून माझी जखम उघडी पडली.

२००५-०६ चा सुमार, तालुक्याचं गाव, दिवसातून दोन वेळा वीज जायची. मामेभावानं एक सीडी दिली, वर मार्करनं तीन अक्षरं लिहिलेली: आयजीआय. कव्हर नाही, माहिती नाही. म्हटलं असेल काहीतरी फालतू. नॉर्वेच्या इनरलूप नावाच्या कंपनीनं २००० साली बनवलेला गेम आहे हे मला पार नोकरीला लागल्यावर कळलं.

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी: मिशनच्या मधे सेव्ह करताच येत नाही. तासभर दबकत, कुंपणाच्या तारा कापत, कॅमेऱ्यांच्या नजरा चुकवत तुम्ही शेवटच्या इमारतीपर्यंत पोचलात आणि कुठल्यातरी मनोऱ्यावरच्या गार्डनं टिपलं, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे गार्डच्या जोडीला वीज मंडळाचं वेळापत्रकही होतं. मी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके. मिशन सुरू करण्याआधी घड्याळ बघायचं. पाऊण तास हाती असेल तर धावत पळत, दीड तास असेल तर सावकाश दुर्बीण लावून.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या वेळापत्रकानंच मला नीट खेळायला शिकवलं. आंधळ्यासारखं घुसलं तर अलार्म वाजतो आणि बराकीतून माणसं येतच राहतात. म्हणून आधी टेकडीवर दबून बसून मोजायचं: मनोऱ्यावर एक, फाटकाशी दोन, जीपपाशी एक. मग अलार्मचं बटण कुठे आहे ते बघायचं. नंतरच्या किती गेममध्ये दहा सेकंदांनी आपोआप सेव्ह होतं, आणि मला त्यातलं एकही फाटक आठवत नाही.

---

पोटमाळा

कर्जत लोकल, हसून हसून पुरेवाट. पण डोळ्यांत पाणी पण.

(माझा सविस्तर प्रतिसाद अजून येतोय.)

---

सांजवात

मी रोमातच (नुसती वाचत) असते एरवी, पण या विषयावर राहवलं नाही.

व्हँपायर सर्व्हायव्हर्स. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात चित्रं बघितली तर १९९० सालच्या व्हिडिओ गेम पार्लरमधली वाटावीत. किंमत वडापावच्या पार्टीहून कमी. नवरा म्हणाला, ‘हे काय आणलंस, वटवाघळं?’ आणि त्यात गोळी मारायचं बटणही नाही! शस्त्रं आपोआप चालतात, तुम्ही फक्त इकडेतिकडे चालायचं. हा काय गेम झाला?

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. दुपारी झोपायची ती साधारण अर्धा तास. या गेमचा एक डावही बरोबर अर्ध्या तासाचा. ३० मिनिटं झाली की साक्षात मृत्यू येतो आणि खेळ खल्लास करतो. आमच्याकडे मृत्यू आणि रडणं एकाच वेळी यायचं. पहिल्या पाच मिनिटांत चारदोन वटवाघळं, विसाव्या मिनिटाला पडदा राक्षसांनी इतका भरलेला की आपण कुठे आहोत तेच दिसत नाही, नुसते आकडे आणि रत्नं उडताहेत. आणि माझं सगळ्यात आवडतं शस्त्र लसूण! अंगाभोवती लसणाचं वर्तुळ, जो जवळ येईल तो जळतो. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, बरोबरच आहे, बाळंतिणीच्या खोलीत ठेवतात तो उगाच का.

बनवणारा लुका गलांते आधी जुगाराच्या खेळांच्या धंद्यात काम करायचा, हे कळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पेटी उघडताना जे दिवे आणि संगीत वाजतं ते तिथलंच. तरी इथे एकदा पैसे दिले की डावाडावाला कुणी खिशात हात घालत नाही. २०२३ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचं सर्वोत्कृष्ट गेमचं बक्षीस यालाच मिळालं. स्पर्धेत एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक होते!

---

लोडशेडिंग

सांजवात ताई, रोमातून बाहेर पडल्याबद्दल आभार. असंच हवं होतं. लसणाचं आज रात्री बघतो.

---

अर्धा सेव्ह

धागाकर्त्याची अट मला मान्य नाही, आणि मी मुद्दाम तिच्याविरुद्ध लिहिणार आहे. नो मॅन्स स्काय, ग्रहाग्रहांवर भटकायचा गेम.

ऑगस्ट २०१६. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हॅलो गेम्स, मूठभर माणसं. सांगितलेले ग्रह किती, तर १८ वर १८ शून्यं. कंपनीचे संस्थापक शॉन मरी मुलाखतीत जे विचाराल त्याला जवळपास हो म्हणत होते. गेम आला आणि पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसेनात. तिथेच फुगा फुटला. लोकांनी पैसे परत मागितले, शिव्या घातल्या, आणि कंपनी तोंडाला कुलूप लावून बसली.

मग नोव्हेंबरमध्ये फाउंडेशन अपडेट, तळ बांधायची सोय आली. २०१७ मध्ये ॲटलस राइजेस. जुलै २०१८ मध्ये नेक्स्ट, त्यात माणसं एकदाची एकमेकांना दिसायला लागली. २०१९ मध्ये बियॉन्ड, डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायच्या व्हीआरसकट. पुढेही येतच राहिलं. आणि या सगळ्याचा एक पैसा घेतला नाही. २०२० मध्ये द गेम अवॉर्ड्सला सतत चालू असलेल्या गेमचं बक्षीस मिळालं.

मी तो २०१९ मध्ये घेतला. तेव्हा माझी अपेक्षा काय होती? शून्याच्या खाली! ज्या गेमला सगळं जग हसलं तो गेम. आणि मी त्यात किती रात्री घालवल्या ते इथे लिहीत नाही, घरचे पण हे संस्थळ वाचतात. तर मला सांगा, हा ‘अपेक्षेपेक्षा चांगला’ नाही तर काय आहे?

---

लोडशेडिंग

साहेब, हॉटेलात करपलेली भाकरी आणली, आरडाओरडा झाल्यावर दुसरी चांगली आणली, तर दुसरीचं कौतुक करा ना, कोण नको म्हणतंय. पण ‘इथली भाकरी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली’ असं पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणू नका.

---

अर्धा सेव्ह

मी दुसरंच गिऱ्हाईक आहे. मला करपलेली मिळालीच नाही.

---

खोबरेल

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

उंबरठा

दोघांच्या मधे पडतो. प्रश्न गेम कधी चांगला झाला हा नाही, अपेक्षा कुणी लावली हा आहे.

टायटनफॉल २ बद्दल अपेक्षा कमी होती ती आपण लावली होती, आपल्या आळसानं. नो मॅन्स स्कायची अपेक्षा बनवणाऱ्यांनी स्वतः लावली आणि मोडली. त्यानंतरची कमी अपेक्षा ही त्यांच्याच मोडतोडीतून आली, तिचा फायदा त्यांना का द्यायचा? पण मग डूमचं काय करणार? २०१६ चा डूम, राक्षस मारायचा गेम. आधी बनत असलेला डूम ४ त्यांनी स्वतःच मोडीत काढला. अनेकांनी मिळून खेळायच्या भागाची चाचणी आवृत्ती लोकांना आवडली नाही. वर समीक्षकांना प्रती वेळेवर दिल्या नाहीत. सिनेमावाले समीक्षकांना आधी सिनेमा दाखवत नाहीत तेव्हा आपण काय समजतो? तेच समजलो.

आणि सुरुवात कशी, तर नायक साखळदंडातून सुटतो, स्क्रीनवरून एक आवाज समजावायला लागतो की आपण दोघं मिळून यातून मार्ग काढू, आणि नायक ती स्क्रीनच ढकलून देतो. पुढचं ऐकत नाही! मी खुर्चीत हसलो. रीलोड नाही, आडोशाला लपून जीव भरणं नाही. जीव हवा असेल तर राक्षसाच्या अंगावर जा आणि त्याला फाडून काढा, त्याच्यातून मिळेल. पळाल तर मराल. मिक गॉर्डनचं संगीत तर मी व्यायामाला लावतो.

इथे अपेक्षा कंपनीच्याच वागण्यानं खाली गेली होती, पण गेम पहिल्या दिवशी तयार होता. धागाकर्त्याच्या अटीत बसतो. माझ्या मते अट ठीक आहे, कारण नीट नाही.

---

लोडशेडिंग

उंबरठा, हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मी रागावून अट घातली होती हे कबूल. डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण किमतीला सायबरपंक घेतलेला माणूस आहे मी. २०२३ च्या २.० अपडेटनंतर तो छान झाला, मान्य. मी मात्र तेव्हाच शेवटपर्यंत खेळून टाकला होता, हवेत लटकणाऱ्या गाड्यांसकट.

---

सुपारी

अटीत आणखी एक पाचर मारतो. फायनल फँटसी १४, सगळ्यांनी ऑनलाइन एकत्र खेळायचा गेम. २०१० मध्ये आला, आपटला. कंपनीनं तो सावरायला नाओकी योशिदांना बसवलं. त्यांनी जुना गेम चालू ठेवून आतल्या आत नवा बांधला. कुंडीतल्या फुलझाडाला माणसाएवढे पॉलिगॉन (चित्र ज्यांनी घडतं ते तुकडे) खर्च केले होते म्हणे आधीच्यांनी! नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद करताना नुसते बंद नाही केले. आकाशातला लाल चंद्र रोज थोडा खाली येत होता, शेवटच्या दिवशी तो फुटला, त्यातून ड्रॅगन निघाला आणि जग जाळून टाकलं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम, कथेत पाच वर्षांनंतरचा.

ही दुरुस्ती की नवा गेम? भाकरी बदलली नाही, हॉटेलच पाडून बांधलं.

---

लोडशेडिंग

पास.

---

मुठाकाठ

पुण्याचं नाव अजून कसं आलं नाही? राजी: ॲन एन्शंट एपिक. नॉडिंग हेड्स गेम्स, आपल्या पुण्यातलीच मंडळी. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले, पुरेसे जमले नाहीत. तरी रेटत राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर गेम आणला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या इंडी (छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या) गेमच्या यादीत नामांकनही.

भारतीय पौराणिक गेम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको: प्लॅस्टिकचा मुकुट आणि दर दोन मिनिटांनी जाहिरात. इथे पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, राजस्थानी झरोके, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी तिच्या भावाला, गोलूला शोधत निघते, आणि वरून विष्णू आणि दुर्गा तिच्यावर गप्पा मारताहेत. ती खांबाला धरून गरकन फिरते आणि त्रिशूळ टाकते ना, तिथे मी पहिल्यांदा गेम थांबवून मित्राला फोन केला.

---

खोबरेल

मुठाकाठ, रागावू नका, पण पुण्याचा नसता तर एवढं लिहिलं असतं का? दिसतो सुंदर, वाद नाही. पण कॅमेरा आपल्या हातात नाही, उडी कुठे पडणार ते कळत नाही. मारामारी तिसऱ्या प्रकरणानंतर तीच ती. आणि शेवट! जेवायला बसलो आणि वरणभातावर ताट उचललं.

---

मुठाकाठ

शेवटाबद्दल गप्प बसतो. अचानक संपतो, खरं आहे. कॅमेऱ्याचंही अर्धं मान्य. बाकी, पुणेकर आपल्या माणसाचं उगाच कौतुक करतो असा आरोप आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

---

बारा गावचं पाणी

माझा किस्सा जरा वेगळा. अपेक्षा माझी नव्हती, बाबांची होती.

बाबा एसटीत चालक होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गुडघे गेले, गाडी बंद. चिडचिड वाढली. मी युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला, एक जुनं स्टिअरिंग व्हील मिळवलं. प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअरचा गेम, २०१२ चा. बाबा म्हणाले, ‘पोरखेळ. क्लच कुठाय?’

पहिल्या दिवशी मी जर्मनीत सुरू करून दिला. बाबांनी फाटकाबाहेर पडताच सवयीनं डावी बाजू धरली आणि समोरच्या ट्रकला धडकले. दंड. चिडून उठले. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि इंग्लंडमध्ये कंपनी काढली, तिथे आपल्यासारखंच डावीकडून. तासाभरानं बघतो तर बाबा ताठ बसलेले, आरशात बघून इंडिकेटर देताहेत. रिकाम्या रस्त्यावर! म्हटलं, मागे कुणी नाहीये. म्हणाले, ‘मागे कुणी नसतं तेव्हाच असतं.’

रात्री दिवे न लावता चालवलं तर गेम दंड करतो, सिग्नल तोडला तर दंड, फार वेळ चालवलं तर चालकाला जांभया येतात आणि गाडी बाजूला लावून झोपावंच लागतं. हे बाबांना फार पटलं. ‘डुलकी म्हणजे घात’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, त्या दिवशी ते पडद्याकडे बघून म्हणाले. आता रोज दुपारी चार ते सहा ड्यूटी असते. आई चहा आणून देताना विचारते, कुठे पोचलात? परवा उत्तर आलं, ‘मँचेस्टर सोडलं.’

नातवानं त्यांना फोनवर बस सिम्युलेटर इंडोनेशियाही दाखवला. त्यात पोरांनी आपल्या लालपरीचे मॉड (स्वतः बनवून घातलेली रूपं) केलेत. बाबांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘रंग बरोबर आहे. पण घाटात कुणी असा हॉर्न देत नाही.’

---

सांजवात

बारा गावचं पाणी, बाबांना नमस्कार सांगा. ‘मागे कुणी नसतं तेव्हाच असतं’ लिहून ठेवलंय.

---

नवखा

काका लोकहो, लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही. यातलं काय चालेल?

---

कर्जत लोकल

आयजीआय धावेल, आणि आता वीजही जात नाही. नाहीतर ताईंचा लसूण. बाकी सगळ्याचं स्वप्न बघ.

---

पोटमाळा

माझं लिहून झालं होतं, पण सेव्ह न करता पान बंद केलं. आयजीआयवाले समजून घेतील. थोडक्यात: प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन, जानेवारी २०२४. ट्रेलरला लोकांनी नाकं मुरडली, मीही. गेम मात्र घड्याळासारखा चालतो. एक सोय तर अशी, की बंद दार दिसलं की बटण दाबून त्या जागेचा फोटो नकाशावर टाचून ठेवता येतो. ‘इथे नंतर यायचंय’ हे लक्षात ठेवायला माझ्या वयाच्या माणसाला याहून मोठा आधार नाही.

---

लोडशेडिंग

तीन दिवसांनी येतोय. नो मॅन्स स्काय सेलमध्ये होता. घेतला.

पहिलाच ग्रह विषारी पावसाचा. यान कुठेतरी लांब, बिघडलेलं. ते शोधायला स्कॅनर हवा, तोही बिघडलेला. तो दुरुस्त करायला दगड फोडून धातू जमवा, तोवर सूटमधलं संरक्षण टक्क्याटक्क्यानं उतरतंय. एका गुहेत शिरून जीव वाचवला. तिथे निळ्या उजेडाची झाडं होती, आणि बाहेर पाऊस. तसाच उभा राहिलो पाच मिनिटं.

यान अजून दुरुस्त व्हायचंय. अट बदललेली नाही, अर्धा सेव्ह यांनी गैरसमज करून घेऊ नये. आमटी मात्र आजही झाकलेलीच आहे.